गुंजांची माळ

दर शनिवारी सकाळी साडेसातला शाळेच्या मागच्या फाटकापाशी सोळा मुलं जमायची आणि झाडताई काठी टेकत त्यांना रानात घेऊन जायची. हे नाव मुलांनीच ठेवलेलं. तीस वर्षं तिने रोपवाटिकेत काढली होती. पिशव्यांत माती भरायची, कलमं बांधायची, बिया पाखडायच्या आणि वाळवायच्या. निवृत्त झाल्यावर घरात बसून माश्या मारण्यापेक्षा बरं, म्हणून तिने शाळेमागच्या रानात मुलांचा वर्ग सुरू केला. रान रोपवाटिकेच्याच ताब्यातलं होतं, त्यामुळे परवानगी तोंडी मिळाली. शाळेत तिची धाकटी बहीण शिक्षिका होती, म्हणून मुलंही मिळाली.

वर्गात प्रत्येकाने आपलं एक रानातलं नाव घ्यायचं. कोणी भुंगा झाला, कोणी सरडा. धाकटीची मुलगी अखंड बडबडायची, तिचं नाव एकमताने टिटवी पडलं. सगळ्यांत लहान होती ती मुंगी, सात वर्षांची. तिची आई शिवणकाम करायची आणि दर शनिवारी मुलीला फाटकापाशी सोडताना झाडताईला सांगायची, "हिच्याकडे जरा बघा हं. दिसेल ते तोंडात घालते."

"माझ्या रानात कोणी काही तोंडात घालत नाही," झाडताई म्हणायची.

आणि ते खरं होतं. नियम तीनच होते. पडलेलं असेल तेवढंच उचलायचं. काहीही जिभेला लावायचं नाही. आणि काम झाल्यावर रान होतं तसं ठेवून यायचं. या तीन नियमांत मुलांनी सहा वर्षांत काय काय केलं! पानावर कागद ठेवून खडू घासला की पानाच्या शिरा उमटतात, त्याच्या वह्या भरल्या. ओल्या मातीचे चेहरे करून झाडांच्या बुंध्यांवर चिकटवले, डोळ्यांच्या जागी बिया, मिशांच्या जागी गवत. वाळक्या फांद्या एकमेकींना टेकवून झोपडी केली, तिच्यात सोळाच्या सोळा जण कोंबून बसले आणि ती कोसळल्यावर आतून हसत बाहेर आले. डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं आणि किती आवाज ऐकू आले ते बोटांवर मोजायचे, हा खेळ टिटवीला कधी जमला नाही. पहिल्याच मिनिटाला ती विचारायची, "मावशी, झालं?"

बियांच्या माळा हा मुलांचा लाडका उद्योग होता. बिया मात्र झाडताई स्वतः निवडून आणायची, करड्या, तपकिरी, काळ्या. ओढ्याच्या कडेला कुंपणावर गुंजांचा वेल होता. लालभडक दाणे, एका टोकाला काळा ठिपका, शेंग उकलली की डोळेच दिपायचे. मुलांना ती तो वेल वर्षातून एकदा मुद्दाम दाखवायची आणि सांगायची, "हा विषारी आहे. अख्खा दाणा पोटात गेला तर बहुतेक वेळा तसाच बाहेर पडतो, कारण साल कडक असते. पण फुटला, चावला किंवा भोक पाडलेला असला, तर एक दाणासुद्धा माणसाला पुरे. इथे फक्त डोळ्यांनी बघायचं."

त्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर घराबाहेर पडायला मनाई केली. नेमकं त्याच महिन्यात शाळेत मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. संस्थेचे लोक बघायला येणार होते. जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी धाकटीचं नाव चर्चेत होतं.

"ताई, तू काळजी करू नकोस. वर्ग मी घेते," धाकटी म्हणाली. झाडताई बहिणीच्याच घरी, मागच्या खोलीत राहायची. दोघींत बारा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली तेव्हा धाकटीची वेणी घालण्यापासून तिला सायकलवर मागे बसवून कॉलेजात सोडण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं होतं. धाकटीचं लग्नही तिनेच लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं, त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि धाकटीने कधी विचारलं नाही.

"बियांचा डबा कपाटात आहे. त्यातल्याच वापर," ताई अंथरुणातून म्हणाली. "गुंजांना हात लावू नका."

"हो गं, माहीत आहे मला."

प्रदर्शन रानाच्या तोंडाशी, झाडांखाली मांडलं होतं. ताईला जाता आलं नाही. दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे धाकटी होती आणि तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, मुंगीला उलट्या होतायत. थांबतच नाहीत. आम्ही हॉस्पिटलात आहोत. तिने बहुतेक गुंज खाल्ली."

डॉक्टरांची मनाई, टाके, सगळं विसरून तिने शेजाऱ्यांना हाक मारली आणि त्यांच्या गाडीतून ती हॉस्पिटलात पोचली. व्हरांड्यात धाकटी उभी होती, पर्स छातीशी धरून.

"अख्खी होती की फुटलेली?" ताईने पहिलं तेच विचारलं.

"अख्खी. खाली पडलेली उचलून तोंडात टाकली असणार. गिळली तिने."

"नक्की?"

"नक्की गं. मी बघितलं."

डॉक्टर तरुण होता. त्याने अशी केस पाहिली नव्हती आणि तसं त्याने लपवलंही नाही. कोणीतरी त्याला सांगितलं की या बाईंना झाडांचं कळतं. त्याने ताईलाच विचारलं, "दाणा कसा होता?" आणि ताईने बहिणीच्या शब्दावर विश्वास ठेवून सांगितलं, अख्खा. अख्खा असेल तर विष सहसा बाहेर येत नाही, हेही सांगितलं. डॉक्टरने मान हलवली, कागदावर लिहून घेतलं, सलाइन लावलं आणि लक्ष ठेवायचं ठरलं. मुंगीच्या आईने ताईचे दोन्ही हात धरले. "तुम्ही आलात, आता मला धीर आला," ती म्हणाली.

सहाच्या सुमारास गुडघा इतका सुजला की ताईला उभं राहवेना. शेजाऱ्यांनी तिला घरी सोडलं. दार टिटवीने उघडलं. तिचे डोळे रडून सुजले होते. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर एका वाडग्यात कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेल्या गुंजा होत्या, शेजारी जाड सुया, लाल दोरा आणि अर्धी ओवलेली माळ.

दुपारी घाईत बाहेर पडताना ताईने टेबलाकडे पाहिलंही नव्हतं.

"हे कोणी केलं?"

"आईने," टिटवी म्हणाली. "मी दोरा धरला होता. आई म्हणाली, तुझ्या बिया मातकट दिसतात, लाल उठून दिसतील. मावशी, मुंगीच्या गळ्यात माळ होती. ती माळ चावत होती. मी बघितलं. मग आईने सगळ्यांच्या माळा काढून पर्समध्ये टाकल्या."

"आईने बघितलं ती चावताना?"

टिटवीने मान हलवली. हो.

पुढचं ताईने कसं केलं ते तिलाही नीट आठवत नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "मी बघते. तू कोणाला काही बोलू नकोस." मग तिने ती अर्धी माळ रुमालात बांधली, पुन्हा शेजाऱ्यांचं दार ठोठावलं आणि सातच्या आत ती परत हॉस्पिटलात होती. डॉक्टरच्या टेबलावर तिने रुमाल सोडला.

"भोक पाडलेले होते. आणि चावलेत."

डॉक्टरने आधी माळेकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. "बाई, दुपारी तुम्हीच मला अख्खे म्हणालात."

"चूक झाली."

"पाच तास गेले," तो म्हणाला आणि धावत आत गेला.

मुंगीला त्याच संध्याकाळी मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. एकोणीस दिवस ती तिथे होती. वाचली. पण मूत्रपिंडांना इजा झाली ती झालीच. औषधं कायमची, धावणं-पळणं बंद, दर पंधरवड्याला तपासणी. ते पाच तास हाताशी असते तर काय झालं असतं, हे कोणताच डॉक्टर छातीठोकपणे सांगेना. त्यामुळे ज्याला जे मानायचं ते मानायला सगळे मोकळे राहिले.

धाकटी ताईच्या खोलीत आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. पलंगाच्या कडेला बसली आणि ताईच्या पायांवर डोकं ठेवून रडली. ताईला वाटलं, आता ही माफी मागेल. पण रडून झाल्यावर धाकटी सरळ बसली, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "चौकशी होणार आहे."

"होऊ दे. खरं काय ते सांग."

"ताई, माझी नोकरी जाईल. पोलीसही येतील. टिटवीला शाळेत लोक काय म्हणतील?" मग ती हळूच म्हणाली, "डॉक्टरच्या कागदावर तुझंच नाव आहे. आधी अख्खे म्हणालीस, मग भोक पाडलेले घेऊन गेलीस. माळ तुझ्या रुमालात होती. तू घरी बसून होतीस, वेळ जात नव्हता, माळा केल्यास आणि पाठवल्यास, असं कोणालाही पटेल. तू निवृत्त आहेस. तुला कोण काय करणार आहे?"

"तू मला खोटं सांगितलंस. त्या पोरीच्या जिवाशी खेळलीस."

"घाबरले होते गं!"

ती पुन्हा रडायला लागली आणि या वेळी ते रडणं आठ वर्षांच्या मुलीचं होतं, आई गेली त्या दिवसाचं. ताईला ते कधीच सहन झालं नव्हतं.

चौकशी समितीपुढे ताईने सांगितलं की माळा तिने केल्या. गुंजा विषारी असतात हे तुम्हाला माहीत नव्हतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "माहीत होतं. लक्षात राहिलं नाही." समितीतल्या एका गृहस्थांनी कपाळाला हात लावला. वय झालं, असं कोणीतरी पुटपुटलं. मुंगीच्या घरच्यांनी पोलिसात जायचं टाळलं, कारण मुलीच्या उशापासून हलायला कोणाला सवड नव्हती. रानवर्ग बंद झाला. रोपवाटिकेने मागच्या फाटकाला कुलूप लावलं आणि झाडताईने पुन्हा रानात पाऊल ठेवू नये, असं लेखी कळवलं. जिथे तिने तीस वर्षं काढली, तिथून आलेलं ते शेवटचं पत्र.

मुंगीची आई एकदाच घरी आली. आत यायला तयार नव्हती. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली.

"माळेचं मी एक वेळ समजू शकते. माणूस चुकतं. पण दुपारी डॉक्टरांना खोटं का सांगितलंत? मी तुमचे हात धरले होते. तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना?"

ताईच्या मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"बोला ना. माहीत होतं ना?"

"हो," ताई म्हणाली.

मुंगीची आई वळली आणि निघून गेली. स्वयंपाकघरात नळ पुन्हा सुरू झाला.

हे सगळं करताना ताईने मनात एकच गोष्ट धरली होती. जगाला काय वाटायचं ते वाटो, धाकटीला खरं माहीत असेल. दोघी एका छपराखाली राहतील आणि एकीला दुसरीने काय केलं ते कायम ठाऊक असेल. तेवढ्यावर तिने दिवस काढायचं ठरवलं होतं.

पहिलं वर्षभर धाकटी खरोखरच तिची डोळ्यांत तेल घालून काळजी घेत होती. औषधं, व्यायाम, गरम पाण्याची पिशवी. मग ती मुख्याध्यापिका झाली आणि घरी उशिरा येऊ लागली. तिने शाळेत तळमजल्यावर 'निसर्ग-कक्ष' काढला. जमिनीवर हिरवं प्लास्टिकचं गवत, भिंतीवर रंगवलेली झाडं, पेटीत कापडी पानं आणि धुऊन घेता येतील असे लाकडी मणी. उद्घाटनाला वार्ताहर आला होता. ताईने बातमी वर्तमानपत्रात वाचली. त्यात धाकटीचं म्हणणं छापलं होतं, की काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ कुटुंबीयाच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या दुर्घटनेतून ती खूप शिकली, आणि मुलांचा निसर्ग सुरक्षितच असायला हवा.

ताईने वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. लोकांपुढे बोलावं लागतं, असं तिने स्वतःला समजावलं.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. तिघी जेवायला बसल्या होत्या. टिटवी आता बारा वर्षांची होती आणि पूर्वीसारखी बडबडत नव्हती. शाळेच्या सहलीला जायचं होतं. तिने गोळ्यांची पट्टी दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली, तशी धाकटी ओरडली.

"लहान मुलांच्या हाती लागेल असं काही ठेवायचं नाही! तुझ्या मावशीसारखी करू नकोस. तिच्या विसराळूपणामुळे एका पोरीचं आयुष्य गेलं."

ताईचा हात ताटावरच थांबला.

"इथे आपणच आहोत," ती शांतपणे म्हणाली. "बाहेरचं कोणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे तसं बोलायची गरज नाही."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत अपराधीपणा असता, ओशाळलेपणा असता, अगदी धमकी असती, तरी ताईला चाललं असतं. पण तिथे फक्त कंटाळा होता, हट्टी म्हाताऱ्या माणसाशी बोलताना येतो तसा.

"ताई, पुन्हा तेच नको. गुंजांचं वेड तूच लावलंस. तूच तो वेल सगळ्यांना दाखवत फिरायचीस. तू दाखवला नसतास तर मला तो ओळखू तरी आला असता का? आणि डॉक्टरला अख्खे कोण म्हणालं? तूच ना?"

"तुझ्या सांगण्यावरून."

"मी म्हटलं होतं, बहुतेक. तू जाणकार होतीस. तू खात्री करायला हवी होतीस."

ताई टिटवीकडे वळली. "तू होतीस टेबलापाशी. दोरा तू धरला होतास."

टिटवीने आईकडे पाहिलं नाही आणि मावशीकडेही नाही. ताटातला घास बोटांनी कुस्करत ती म्हणाली, "मला नाही आठवत. लहान होते मी."

"बघ," धाकटी म्हणाली आणि तिने ताईच्या ताटात वाढायला हात पुढे केला. "जेव आता."

ताई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन मुंगीच्या घरी गेली. गेल्या तीन वर्षांत त्या गल्लीत तिने पाऊल टाकलं नव्हतं. मुंगीची आई शिवणयंत्रावर होती. कोपऱ्यातल्या पलंगावर मुंगी वाचत पडली होती, वयाच्या मानाने खूपच लहान दिसणारी, चेहरा सुजलेला. तिने ताईला ओळखलं आणि हसू आणलं. आईने तिला आतल्या खोलीत पाठवलं.

बसा म्हणायची वाट न पाहता ताईने सगळं सांगितलं. टेबल, वाडगा, सुया, व्हरांड्यातलं बोलणं. शेवटी म्हणाली, "तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

बाईने यंत्रावरचं कापड काढून नीट घडी केली.

"मला शाळेतलं काम कोणी दिलं, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "मुलांचे गणवेश मीच शिवते. तुमच्या बहिणीने मिळवून दिलं. दर महिन्याला येतात त्या. मुंगीला तपासायला न्यायचं असलं की त्यांची गाडी येते. ती परीक्षेला बसू शकली नाही तेव्हा घरी येऊन त्यांनी पेपर लिहून घेतला. आणि तुम्ही तीन वर्षांत एकदा तरी फिरकलात?"

"मला तोंड नव्हतं."

"आणि आज तोंड आलं. बहिणीवर ढकलायला."

"मी खरं सांगते आहे."

"त्या दिवशी मी विचारलं, माहीत होतं ना, तर हो म्हणालात. आज म्हणता, नव्हतं. तुमचं कुठलं खरं धरू?" तिचा आवाज चढला नव्हता. "आणि समजा, खरं असलं. मग मी काय करू? ते काम सोडू? गाडी नको म्हणू? हिला खांद्यावर घेऊन चालत नेऊ?"

बाई उठली आणि तिने दार उघडून धरलं. "जा तुम्ही. आणि त्या माझ्याकडे येतात त्या वेळेत तरी येऊ नका."

पुढच्या आठवड्यात ताईने शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली पाहिली. रोपवाटिकेतल्या जुन्या मैत्रिणीच्या ओळखीची होती, खाली लाकडाची वखार, वर दोन खोल्या. धाकटीने फारसा आग्रह केला नाही. वखारीचा उभा जिना गुडघ्याला झेपेल का, एवढं विचारलं. सामान म्हणजे एक ट्रंक आणि दोन पिशव्या. टेम्पोवाला खाली थांबला होता.

ट्रंकेचं दुसरं टोक टिटवीने धरलं. जिन्याच्या वळणावर ती थांबली.

"मावशी, मला आठवतं," ती घाईघाईने म्हणाली. "सगळं आठवतं. वाडगा कुठला होता तेसुद्धा."

ताईने ट्रंक पायरीवर टेकवली. पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भीती होती तिथे, आणि भीतीच्या मागे काहीतरी हिशोबी, मोठ्या माणसांचं.

"मग त्या दिवशी जेवताना का नाही म्हणालीस?"

"आईला वाईट वाटलं असतं."

"आणि मला?"

टिटवीला हा प्रश्न खरोखरच नवा होता. ती विचारात पडली. मग तिने खाली वाकून ट्रंकेची कडी पुन्हा धरली. "तू काही म्हणत नाहीस ना कधी," ती म्हणाली. "म्हणून."

तिला रागावावं असं ताईला वाटलं नाही. जवळ घ्यावं असंही वाटलं नाही. दोघींनी मिळून ट्रंक खाली नेली. टेम्पोवाल्याने ती मागे सरकवली आणि ताईला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं.

धाकटी खिडकीत आली होती. शाळेत जायची साडी नेसलेली, हातात गाडीची किल्ली.

"पोचलीस की फोन कर हं!" ती वरून ओरडली.

"करते," ताई म्हणाली.

तिने केला नाही. पहिले काही दिवस मोबाइल उशाशी घेऊन झोपायची. मग तो खिडकीत ठेवायला लागली, मग पिशवीत. धाकटीकडूनही फोन आला नाही.